ठोकळ्याची जागा

समाधान ओव्हाळच्या पायाला त्या संध्याकाळी भिंगरी लागली. पिंपळे गुरवच्या दोन खोल्यांच्या घरात फिरायला जागा ती किती, पण गडी स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून पुन्हा स्वयंपाकघरात अशा येरझारा घालत होता. बायको इंदुताईनं ताट वाढून हाक मारली तेव्हा आला, बसला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसला. बाहेर तीन दिवसांची झड लागलेली, भिंती गारठलेल्या, आणि ह्याच्या कपाळावर घाम. पोटात दुखतंय का, असं इंदुताईनं विचारलं. हो म्हणाला, कारण ते सोपं होतं.

दुखणं पोटात नव्हतं, एका फोटोत होतं. मुलगी आम्रपालीनं कामावरून आल्या आल्या मोबाइल त्याच्यापुढे धरला होता. चाकणच्या पुढे, राजगुरुनगरच्या अलीकडे, बाळाजी खराबी नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या टेकडीच्या पायथ्याशी चौदा खोल्या बांधून कंपन्यांतल्या कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या. सपाट जागा मिळावी म्हणून त्यानं टेकडी तीस फूट उभीच्या उभी कापली होती. त्या कापलेल्या कड्यातून आता पाणी झिरपत होतं आणि ते पाणी तांबडं होतं. बाळाजीनं फोटोसोबत एवढंच विचारलं होतं, मॅडम, याच्यावर सिमेंटचा गिलावा मारू का?

आम्रपाली म्हणाली, घाबरायचं कारण नाही. कड्यात गेरूचा पट्टा दिसतोय खरा, पण तो वरवरचा खिसा असणार. टेकडीच्या आत सगळा काळा पाषाण आहे.

"चार नंबरच्या होलची पेटी शेवटपर्यंत भरलेली आहे ना, पप्पा," ती म्हणाली. "मीच तर लिहून घेतलीय. तुम्ही काढलेल्या कोअरवर माझा डोळे झाकून विश्वास आहे."

असं म्हणून ती हसली, आणि ते हसणं समाधानच्या काळजात रुतलं.

समाधानचा धंदा समजून घेतल्याशिवाय त्याची तगमग कळायची नाही. भोसरीतल्या एका माती परीक्षणाच्या लॅबमध्ये तो एकोणतीस वर्षं ड्रिलर होता. कुठं कंपनीची शेड उभी राहायची असली, पूल बांधायचा असला, की आधी तिपाई आणि मशीन घेऊन समाधान तिथं जाणार आणि जमिनीला होल मारून खाली काय आहे ते वर आणणार. पोकळ नळी फिरत फिरत दगडात उतरते, तिच्या पोटात दगडाचा मुसळासारखा गोल दांडा कापला जातो. त्याला म्हणायचं कोअर. दीड मीटर गेलं की नळी वर ओढायची, कोअरचे तुकडे काढायचे आणि लाकडी पेटीच्या खणांत वरपासून खालपर्यंत ओळीनं मांडायचे. मग ऑफिसातला माणूस येऊन पेटी बघतो, लिहून घेतो, आणि त्या लिहिण्यावर पुढं चार-चार मजले उभे राहतात.

मात्र मशीन थंड राहावं म्हणून नळीतून सारखं पाणी सोडावं लागतं, आणि खाली मऊ काही लागलं तर ते कोअर होऊन वर येत नाही, पाण्याबरोबर विरघळून वाहून जातं. दीड मीटर होल गेला आणि कोअर एकच मीटर आला, तर अर्धा मीटर हरवला. अशा वेळी पेटीत तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा बसवायचा आणि त्यावर खोली लिहायची, असा या धंद्याचा नियम आहे. ठोकळा म्हणजे ड्रिलरनं दिलेली कबुली. इथं काहीतरी होतं, मला ते वर आणता आलं नाही. साधी गोष्ट आहे, पण ठोकळे जास्त दिसले की साहेब लोकांना वाटतं ड्रिलर कच्चा आहे, आणि ड्रिलर लोकांना वाटतं आपली इज्जत गेली. त्यामुळे पेटी भरलेली दिसावी म्हणून तुकडे थोडे सैल मांडायचे, ही सवय बऱ्याच जणांच्या हाताला असते. समाधानच्या हाताला मात्र ती कधीच नव्हती. एकोणतीस वर्षांत एकदाच त्याचा हात तसा वळला.

त्याच्या घरात दगडांचे दांडे सगळीकडे होते. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून एक, लसूण ठेचायला एक, गॅलरीतल्या कुंड्यांना टेकण म्हणून चार. आम्रपाली त्यांच्याशी खेळतच वाढली आणि भूगर्भशास्त्र शिकली. कॉलेजातून येऊन ती बापाला त्याचेच दगड नव्यानं समजावून सांगायची. हा सगळा मुलूख लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालाय. एक थर ओतला गेला की मध्ये हजारो वर्षं शांतता. तेवढ्या वेळात ऊन-पावसानं वरचा दगड कुजायचा, त्याची माती व्हायची, तिच्यात झाडं उगवायची. मग पुढचा लाव्हा येऊन ती माती विटेसारखी भाजून काढायचा आणि तिच्यावर नवा पाषाण थापायचा. दोन काळ्या थरांच्या मधला तांबडा गेरू तो हाच. कोरडा असला तर दगडासारखा कडक, आणि पाणी लागलं तर चिखल. वरून पाणी पाषाणाच्या भेगांतून उतरतं, या थरावर येऊन अडतं, त्याला भिजवतं, पोखरतं, आणि वरच्या पाषाणाच्या पायाखालची जमीन जाते. टेकड्या अशाच झिजतात, कडे असेच मागं सरकतात, नद्या असंच खोरं रुंद करतात.

"पृथ्वी बांधून झालेली नाहीये, पप्पा," ती म्हणायची. "काम चालूच आहे. आपल्याला शिफ्ट दिसत नाही एवढंच."

समाधानला हे फार आवडायचं. आयुष्यभर ज्या दगडांनी त्याचे हात सोलले त्यांच्या पोटात एवढी गोष्ट आहे, आणि ती आपली पोरगी सांगते, याचं त्याला अप्रूप होतं. ती त्याच्याच लॅबमध्ये नोकरीला लागली तेव्हा त्यानं भोसरीपर्यंत पेढे वाटले.

आणि नेमका तिथंच त्याचा पाय घसरला. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्रपालीला पहिलं स्वतंत्र काम मिळालं, तेच हे बाळाजीच्या टेकडीचं. होल बापानं मारायचे, लिहायचं लेकीनं. निघायच्या दिवशी सकाळीच लॅबचे मोठे सर हसत हसत म्हणाले होते, घरचाच ड्रिलर आणि घरचीच जिऑलॉजिस्ट, बघू या आता पेटी कशी निघते. बोलणं गमतीचं होतं, पण समाधानला ते लागलं. तीन होल खाली पायथ्याशी होते, ते चोख निघाले. चौथा टेकडीवर मागच्या बाजूला होता. त्याच्या शेजारीच आधी मारायला घेतलेला एक होल नळी अडकल्यामुळे सोडून द्यावा लागला होता, आणि त्यातले दोन-चार तुकडे तिथंच उन्हात पडले होते.

साडेदहा मीटरपासून बारा मीटरपर्यंत नळी उतरत असताना वर येणारं राखाडी पाणी एकदम तांबडं झालं. दहाएक मिनिटं तांबडं आलं, मग पुन्हा राखाडी. नळी वर काढली तर दीड मीटरच्या जागी नव्वद सेंटिमीटर कोअर. साठ सेंटिमीटर गायब. त्यानं ठोकळा कापायला करवत हातात घेतलीसुद्धा. तेवढ्यात खालून आम्रपाली चढून येताना दिसली, नवीकोरी सॅक पाठीला, नवीकोरी वही हातात. पोरीच्या पहिल्या कामाच्या पेटीत एवढं मोठं भगदाड, आणि सर ते बघणार. चाळीस फूट खाली दोन फूट गेरू असला काय आणि नसला काय, तिथंवर कोण मरायला जातंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि सोडलेल्या होलातले दोन तुकडे उचलून त्या जागेत बसवले. इतके बरोबर बसले की जणू तिथलेच. आम्रपालीनं पेटी पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. त्या पेटीचा फोटो तिनं कितीतरी दिवस व्हॉट्सअॅपला लावला होता.

पुढं तिनं रिपोर्ट लिहिला की दोन मीटरखाली सलग कठीण खडक आहे, कापणी जवळपास उभी घेतली तरी चालेल. रिपोर्ट इंग्रजीत होता. टेकडी कापणार आहेत हे समाधानला कळलं ते ती कापून झाल्यावर. तेव्हाही तो गप्प राहिला. फक्त रविवारी विहारात वंदना चालू असताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की त्याचा आवाज आपोआप खाली जायचा. आम्रपाली शेजारीच बसलेली असायची. तिला वाटायचं, पप्पांचा घसा बसलाय.

फोटो पाहिल्यावर त्यानं रात्रभर हिशेब केला. कड्यातला पट्टा कड्याच्या माथ्यापासून साधारण आठ मीटर खाली. चार नंबरचा होल त्या माथ्याहून तीन मीटर आणि थोडं वर. आठ आणि तीन, अकरा. तांबडं पाणी अकराच्या पुढंच आलं होतं. खिसा-बिसा काही नव्हतं. थर सलग होता, कड्यापासून पार आतपर्यंत. अख्खी टेकडी त्याच्यावर बसली होती.

सकाळी लॅबमध्ये सुट्टीचा फोन करून तो राजगुरुनगरच्या बसमध्ये चढला. बस मोशीला अडली, पुढे चाकणच्या चौकात अडली, आणि दर वेळी हा आपला सीटवरून अर्धवट उठायचा, जणू त्याच्या उठण्यानं पुढचे कंटेनर हलणार होते. शेवटी एक स्टॉप आधीच उतरून चिखल तुडवत चालत निघाला.

बाळाजी खराबी मोठ्या मनाचा माणूस. साठी उलटली तरी आवाज खणखणीत. चहा घेतल्याशिवाय बोलू देईना. समाधान कप तसाच ठेवून खोल्यांच्या मागं गेला. खोल्यांची मागची भिंत आणि कडा यांच्यामध्ये एक माणूस जाईल एवढी बोळ होती. तिथं बाळाजीची बायको सगुणाबाई खुरपं घेऊन कडा खरवडत होती. छातीइतक्या उंचीवर तांबडा पट्टा, आणि बाई त्यातून गेरू काढून घमेल्यात भरत होती.

तिनं कौतुकानं सांगितलं की दुकानातल्या गेरूपेक्षा याचा रंग झाक येतो. तुळशीला, कुंड्यांना, उंबऱ्याला हाच लावतो. सणाच्या आधी सगळ्या आळीच्या बायका येतात, भाडेकरूंच्या बायका तर रोजच थोडा थोडा नेतात, कुणी गावीसुद्धा पाठवतात. समाधाननं पट्ट्यात हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला. वर्ष-दीड वर्ष या बायकांनी हसतखेळत टेकडीचा पाया खरवडून कुंड्यांना फासला होता, आणि त्या पोकळीच्या वर ट्रकएवढा काळा पाषाण नुसता अधांतरी होता. त्याच्या कडेनं पाणी गळत होतं. भिंतीपलीकडे कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली. रात्रपाळी करून आलेली माणसं पलीकडे झोपलेली होती, आणि त्यांची डोकी या भिंतीपासून चार हातांवर होती.

समाधान धडपडत टेकडीवर चढला. कड्याच्या माथ्यापासून पाच-सहा पावलांवर गवतात एक चीर होती, कड्याला समांतर, लांबच लांब. त्यानं छत्रीचं टोक तिच्यात घातलं. टोक गेलं, मग अर्धी छत्री गेली.

खाली येऊन त्यानं बाळाजीला सांगितलं, खोल्या आजच्या आज रिकाम्या करा. बाळाजी आधी हसला, मग त्याच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला.

"ओव्हाळ भाऊ, तुमच्याच लेकीनं लिवून दिलंय, आत समदा काळा पाषाण हाय म्हनून. कागद लॅमिनेशन करून ठिवलाय मी. आता तुमचं ऐकू का तिचं?"

इथंच बोलायला हवं होतं. जीभ उचलली असती तर दोन वाक्यांचं काम होतं. पण माणसाची जीभ अशा वेळी दगडाहून जड होते. समाधान म्हणाला, मी तिच्याशी बोलतो, तोवर बायकांना बोळीत जाऊ देऊ नका. आणि गेरूचा एक मुठीएवढा खडा खिशात घालून परत फिरला. बसमध्ये तो खडा मांडीला टोचत होता, तरी त्यानं तो हलवला नाही.

आम्रपाली घरी आली तेव्हा तो दारातच उभा होता. तिनं चपला काढायच्या आत त्यानं चीर सांगितली, पोकळी सांगितली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. चीर असेल तर कड्याची कडा सैल झाली असेल, म्हणाली, उद्या जाऊन बघते. पण आतला भाग पक्का आहे, चार नंबरच्या होलमध्ये त्या लेव्हलला सलग कोअर आहे.

"नाही," समाधान म्हणाला. "ती पेटी मी खोटी भरलीय."

इंदुताई चहा गाळत होती, तिचा हात थांबला. आम्रपालीला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती खुर्चीवर बसली आणि तिनं तीनच गोष्टी विचारल्या. किती खोलीवर. किती लांबी. ते तुकडे कुठले. त्यानं तिन्ही सांगितल्या. मग तिनं त्याच्या हातातला खडा घेतला, ओट्यावरच्या स्टीलच्या वाटीत ठेवला आणि वर पाणी ओतलं.

तिघं वाटीभोवती उभी राहिली. आधी बारीक बुडबुडे आले. मग खड्याचे पापुद्रे सुटायला लागले, कडा ढासळल्या, मधोमध भेग पडली. दहा मिनिटांत मुठीएवढ्या दगडाचा वाटीभर तांबडा गारा झाला. बाहेर पावसानं पुन्हा जोर धरला होता आणि तिघांनाही तो ऐकू येत होता.

"का केलंत?" आम्रपालीनं विचारलं.

"तुझी पहिली पेटी होती," तो म्हणाला. "तिच्यात भोक दिसायला नको वाटलं."

आम्रपालीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं मनगटानं पुसलं आणि रेनकोट घातला. चला, म्हणाली.

त्याच संध्याकाळी दोघं बाळाजीच्या अंगणात उभी होती. आम्रपालीनं आधी स्वतःचं सांगितलं की माझा रिपोर्ट चुकलाय, तो आजपासून रद्द समजा. भाडेकरू जमले. बीडकडचे, परभणीकडचे, दोघं-तिघं कोकणातले. कुणी शिफ्टला निघालेले, कुणी नुकतेच उठलेले. एवढ्या पावसात सामान घेऊन कुठं जायचं, असा गलका झाला. ऑफिसची पोरगी काहीतरी पुस्तकी बोलतेय, असं एक जण म्हणाला. तेव्हा समाधान पुढं झाला. आयुष्यात चार माणसांपुढं कधी न बोललेला माणूस, आवाज चिरकला, पण तो बोलला.

"पुस्तक बरोबर आहे. पेटी खोटी होती, ती मी भरली. खाली गेरू आहे हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. तुम्ही झोपता त्या भिंतीमागं तो रोज भिजतोय."

कुणी शिवी दिली, ती त्यानं ऐकून घेतली. सगुणाबाईनं मात्र घरात जाऊन गेरूचं घमेलं आणलं, अंगणात पावसात ठेवलं आणि त्यातले खडे विरघळताना पाहिले. मग तिनंच पहिल्या खोलीतल्या बाईची गादी गुंडाळायला घेतली. दोन तासांत चौदा खोल्यांतली माणसं गावच्या समाजमंदिरात गेली. पण बाळाजी मनातून पेटला होता. त्याचा घाम त्या खोल्यांत गेला होता, आणि एकदा खोटं बोललेला माणूस आता खरं बोलतोय कशावरून, हा त्याचा सवाल काही खोटा नव्हता.

"नवा होल मारा," तो म्हणाला. "जुन्याच्या शेजारी. तांबडं पानी आलं तर मी सोता खोल्या पाडीन. न्हाई आलं तर मान्सं परत येतील, आन् तुमी दोगं हितं पुन्यांदा पाय ठेवायचा न्हाई."

लॅबच्या सरांनी आधी कानांवर हात ठेवले, मग केबिनचं दार लावून समाधानला जे बोलायचं ते बोलले, आणि मग मशीन दिलं. हा तुझा शेवटचा होल, असंही सांगितलं. समाधाननं मान हलवली. मधले दोन दिवस तो घरात बसला नाही की झोपला नाही. समाजमंदिरातली माणसं वैतागली होती, कंपनीच्या बसचा थांबा लांब पडत होता, दोघं जण रागारागानं खोलीत परत जाऊन झोपायला निघाले तर आम्रपालीनं दारात उभं राहून त्यांना अडवलं. ती बापाशी कामापुरतं बोलत होती. चिडून नाही, नुसतं कामापुरतं. त्याला ते जास्त जड जात होतं.

तिसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली. जुन्या होलपासून तीन पावलांवर, चिरेपासून चांगलं लांब, मशीन लागलं. बाळाजी छत्री मिटून तिच्यावर रेलून उभा, मागं चार-पाच भाडेकरू. आम्रपाली वही घेऊन होलातून वर येणाऱ्या पाण्याच्या चरापाशी बसलेली. मशीन सुरू झालं. दोन मीटर, पाच मीटर, नऊ. राखाडी पाणी. साडेदहाला नळी काढली, तुकडे मांडले, पुन्हा सोडली. अकरा झाले. राखाडी. अकरा वीस. राखाडी.

समाधानच्या तोंडचं पाणी पळालं. आणि खरं सांगायचं तर त्याच घटकेला त्याच्या मनात एक चोरटा आनंदही डोकावला. नसेलच गेरू इथं. तेव्हाचा खिसाच असेल. म्हणजे पोरीचा रिपोर्ट बरोबर, तिचं नाव साफ, आपण खोटे ठरलो तर ठरलो. मग त्याला कुकरची ती शिटी आठवली आणि त्याची त्यालाच लाज वाटली. मागं एक भाडेकरू दुसऱ्याला म्हणाला, चल भावा, सामान उचलू.

हाताला आधी कळलं. मशीनचा दांडा एकदम हलका झाला, घरघर बदलली, नळी लोण्यात जावी तशी खाली गेली. एवढ्या खोलवरचा रंग वर यायला वेळ लागतो. समाधान चराकडे बघत राहिला. पाणी राखाडी, पाणी राखाडी, मग कडेनं एक तांबूस धागा, आणि मग सगळा चर लालेलाल झाला. आम्रपालीनं त्यात बोटं बुडवून वर धरली. बाळाजी पुढं आला, वाकला, आपणही बोटं बुडवली. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि सगुणाबाईला सांगितलं, खोल्यांत राहिलंसाहिलं सामान बी काढा, आन् मंदिरात सांगा, परत यायचं न्हाई.

नळी वर आली. समाधाननं तुकडे एकेक करून पेटीत मांडले, जसे आले तसे, एकमेकांना टेकवून. मध्ये जागा उरली. या वेळी ती त्यानं उरू दिली. ठोकळ्यासाठी लाकूड आणि करवत तयार होती. तो पाठमोराच म्हणाला, "पंचावन्न सेंटिमीटर."

एकोणतीस वर्षांची नजर होती. असे आकडे त्यानं हजारदा नुसते बघून सांगितले होते, आणि दोन वर्षं ते सगळे आम्रपालीनं मान वर न करता लिहून घेतले होते. आज पेनचा आवाज आला नाही. त्यानं वळून पाहिलं. तिनं वही मिटून बाजूला ठेवली होती आणि सॅकमधून टेप काढली होती.

"पप्पा, टोक धरा," ती म्हणाली.

आता हे असंच राहणार, आपण सांगायचं आणि तिनं मोजायचं, हे समाधानला कळून चुकलं. तो चिखलात गुडघे टेकून बसला, टेपचं टोक शेवटच्या तुकड्याच्या कडेला लावलं, अंगठ्यानं दाबलं, आणि ती आकडा वाचेपर्यंत त्यानं हात तसूभरही हलू दिला नाही.